चाचपून

स्प्लिट कोव्हच्या पॅरिश हॉलमध्ये
फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी
हिवाळी जत्रा भरते.
जत्रा म्हणजे काय, सतरा टेबलं,
वाटाण्याच्या सुपाचं एक पातेलं,
आणि शेगडीजवळची जागा कुणाची यावरून
दरवर्षीचं तेच भांडण.

पैशांचा डबा माझ्याकडे.
बिस्किटांचा जुना डबा. झाकणावर घोडागाडी,
घोडा गंजानं खाल्लेला, गाडी अजून धावतेय.

यंदा लिअँडर हाइन्सनं बर्चचे चमचे कोरलेत, बावीस.
तेविसावा तडकला,
त्यानं तो स्वतः सूप पितोय.
सेल्बीच्या आईचे हातमोजे नेहमीचेच:
एक घर अंगठ्याला, एक तर्जनीला,
उरलेल्या तिघांचं एकत्र कुटुंब.
गळाची दोरी ओढायला, बंदुकीचा चाप दाबायला,
हल्ली बहुतेक फोन चालवायला.

आणि एफी पार्डीची बसकरं.
बटाट्याच्या पोत्याचं गोणपाट चौकटीवर ताणायचं,
आकड्यानं एकेक चिंधी खालून वर ओढायची,
वळशाला वळसा, वळशाला वळसा,
एका बसकराला एक अख्खा हिवाळा.

ड्रुसिला कीपिंग त्यातल्या एकापुढे थांबली.
लाल आकाश, काळी होडी.
"असं शीड असतं का कुणाचं?"
"माझ्या होडीचं असतं," एफी म्हणाली.
ड्रुसिला पुढे गेली, लोणच्यांकडे.

सव्वासहाला वारा ईशान्येला फिरला
आणि वीज गेली.
चहाच्या किटलीची गुणगुण मधेच तुटली.
"कुणी हलू नका," पाद्रीबाई म्हणाल्या,
म्हणून सगळे हलले.
सेल्बीनं फोनचा दिवा लावला तो नेमका सगळ्यांच्या डोळ्यांत,
"विझव रे!"
विझवला त्यानं.
मग फक्त शेगडीच्या दाराची नारिंगी फट.

मी डब्यात हात घालून बसले.
डॉलरच्या नाण्याला अकरा कोपरे,
पाव डॉलरला बारीक दाते,
मोजता येत होतं सगळं.
चमच्यांवर चमचे वाजले.
कुणीतरी गोधडीचे टाके मोजत होतं,
पुटपुटत, एकोणीस, वीस.
दिवसभर ज्यांना लांबूनच "छान, छान" म्हटलं
त्या वस्तू आत्ता कुठे हाताला लागत होत्या.
मीही चाचपून एक हातमोज्यांची जोडी उचलली.

"एफी," अंधारातून ड्रुसिलाचा आवाज.
ती परत कधी आली, कळलं नाही.
"ही होडी कशाची?"
"चिंध्यांची."
"कुठल्या?"
एफीनं वेळ घेतला.
"चर्चच्या पेटीतला कोट होता. जाड.
उजव्या बाहीला डांबर लागलेलं.
म्हटलं, होडीच्या बुडाला बरं."

अँब्रोजचा कोट.
भावाच्या मागे अकरा वर्षं खुंटीवर राहिलेला.
नोव्हेंबरात तिनंच पेटीत टाकला,
घडीसुद्धा न घालता,
आणि मला वाटेत गाठून, मी न विचारताच म्हणाली होती,
जागा अडते गं नुसती.

वीज आली.
सगळ्यांनी हात झटकन मागे घेतले,
काही चोरताना पकडल्यासारखे.
ड्रुसिलाचा तेवढा होडीवरच राहिला,
डांबराच्या जागी,
अंगठा मागेपुढे, मागेपुढे.

तिनं चाळीस ठेवले.
"तीस लिहिलंय," एफी म्हणाली.
"शीड वेडंवाकडं आहे. त्याचे दहा."
वहीत मी लिहिलं, बसकर, नग एक, चाळीस.
ते जमिनीवर घालणार का भिंतीवर लावणार,
कुणीच विचारलं नाही.
लिअँडरनं मात्र उठून तिला दार धरलं,
तडकलेला चमचा तोंडात तसाच.

घरी येऊन दिव्याखाली पाहिलं तर
माझ्या जोडीतले दोन्ही मोजे डाव्या हाताचे.
या गावात आज कुणाकडे तरी
दोन उजवे असणार.
उद्या बर्फ थांबला की
दारोदार विचारत फिरायचं आहे.